तेवीस वेळा ध्रुवपद

मलेनाने नाचघरात पाऊल टाकलं आणि सवयीने आधी संडासाचं दार हेरलं. डावीकडे, स्वयंपाकघराला लागून. मध्ये चार बाकं. पंचवीस पावलं.

आज तिच्या नातीचं, रानवाचं लग्न. मटणाची ताटं उचलली गेली होती. आता सगळ्या गावाने हात धरून कडं करायचं आणि नवरीच्या गाण्यावर नाचायचं. ऐंशी कडव्यांचं गाणं, आणि सबंध पाठ एकट्या मलेनाला. म्हणणारी थांबली की नाच थांबतो, आणि नवरीचा नाच मध्येच थांबलेला या गावाने कधी पाहिला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी, एकोणसत्तराव्या वर्षी, तिचं पोट बिघडलं ते बिघडलंच. घरचे म्हणाले, वय झालं, चालायचंच. तीही तेच म्हणत राहिली, रक्त दिसेपर्यंत. "आतड्याला सूज आहे," राजधानीतल्या, तोर्शव्हनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा फक्त तरुणांचा आजार नाही. आपल्या बेटांवर तर फारच दिसतो." त्या दिवसापासून मलेना नाचघरात फिरकली नव्हती. गाव म्हणालं, हिला मिजास चढली. म्हणू दे! संडासाचं सांगत बसण्यापेक्षा मिजास बरी.

सलाइनमधून मिळणाऱ्या नव्या औषधावर गेले पाच महिने मात्र झकास गेले होते.

"ओम्मा," रानवा आजीच्या कानाशी आली. तिच्या चोळीवरच्या चांदीच्या साखळ्या किणकिणत होत्या. "तुझे जादा कपडे बाळाच्या पिशवीत ठेवलेत. वर त्याचे लंगोट, खाली तुझे. कुणाला कळायचं नाही." रानवाचं बाळ बाहेर भिंतीच्या आडोशाला गाडीत, इथल्या रीतीप्रमाणे गार वाऱ्यात गाढ झोपलं होतं. "म्हणशील ना सगळं?"

"तुझ्या आईच्या लग्नात म्हटलं, मग तुझ्यात नाही म्हणणार? जा, नवऱ्याचा हात धर."

कडं जुळलं. दोन पावलं डावीकडे, एक मागे. मलेनाने पहिलं कडवं उचललं आणि शंभर पायांनी फळ्या दणाणल्या. काय तो आवाज! इतकी वर्षं आपण याच्याशिवाय जगलो तरी कसे? दहा झाली, वीस झाली, तिचा गळा मोकळा होत गेला, गाल तापले.

एक्केचाळिसाव्याला कळ आली.

सगळे ध्रुवपद गात होते, तेवढाच तिला श्वास. शेजारी म्हातारा ट्रोंदूर, जन्मभर मासेमारीच्या बोटीवर काढलेला.

"काय गं, विसरलीस?"

"विसरले असते तर बरं झालं असतं. पोट, ट्रोंदूर. आतड्याचं दुखणं आहे मला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "घाई? आत्ताच्या आत्ता?"

"तुला कसं कळलं?"

"अकरा वर्षं झाली मला. तुला काय वाटलं, मी नेहमी त्या संडासाच्या दारावर डोळा ठेवून का नाचतो?"

आणि त्याने तिचा हात डावीकडे ओढला. बाकं खरडत सरकली. कडं वाकलं, लांबलं, सापासारखं वळत थेट त्या दारापाशी आलं. ट्रोंदूरने तिचा हात सोडून पलीकडच्या पाद्रीबाबांचा पकडला आणि ओरडला, "ध्रुवपद सोडू नका रे! मलेना येईपर्यंत तेच म्हणायचं!"

आत बसून ती मोजत होती. सात. आठ. पायांखालची जमीन हादरत होती, ओळ पुन्हा पुन्हा येत होती आणि तुटत नव्हती. पंधराव्या वेळी तिला हसू फुटलं. तेविसाव्याला ती बाहेर आली. पाद्रीबाबा घामाने निथळत होते, रानवाचा अंबाडा सुटला होता.

"मारतेस की काय आम्हाला?" पोस्टातली बिर्ना गाता गाताच ओरडली. "आत काय झोपलीस?"

"आतड्याचा आजार आहे मला!" मलेनाही ओरडली, ध्रुवपदाच्या वर आवाज चढवून. "तीन वर्षं! मिजास नव्हती ती!"

"आधी नाही सांगायचं, बये? माझ्या भावालाही आहे!"

"माझ्या सासूला!" कड्याच्या पार पलीकडून कुणीतरी.

मलेनाने हात पकडले आणि बेचाळिसावं कडवं असं उचललं की रानवा टाळी वाजवायला गेली आणि नवऱ्याचा हातच सुटला.

एकसष्टाव्याला ट्रोंदूरने तिची बोटं घट्ट दाबली.

"मलेना. आता मी."

मलेनाने मागेपुढे पाहिलं नाही. अख्खं गाव हाताशी धरून तिने डावीकडे वळवलं.