ज्येष्ठमधाचा पेला

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं आणि काढेकाकांच्या लेकीने पुन्हा मान हलवली. नाही, दुसरं कुठलंही औषध ती घेत नाही.

काका खाटेच्या पायथ्याशी उभे होते. आजच सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने तिला ज्येष्ठमधाचा काढा दिला होता, आणि ती शेवटचा घोट घेईपर्यंत समोरून हललेही नव्हते. पोरगी खोटं का बोलते आहे? काढा हे औषधच आहे, एवढं तिला कळत नसेल म्हणावं, तर ती मुळ्या विकणाऱ्याची लेक होती. बाराखडी यायच्या आधी तिला मुळ्यांचे वास ओळखता येत.

काकांचं वनौषधींचं दुकान होतं. बायको गेल्यावर त्यांनी ते बंद केलं आणि लेक-जावयाकडे राहायला आले. लेक बसस्थानकावर गाड्या पुकारायची. दिवसभर काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, हे सांगायचं आणि गाडी चुकलेल्यांच्या शिव्याही खायच्या. थंडीत तिचा आवाज बसला. साहेबांनी सांगितलं, असंच चाललं तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

काका तसेच उठून नदीकाठी गेले. तिथल्या रेताड जमिनीत कुणीतरी कधीकाळी लावलेला ज्येष्ठमध पसरला होता. वरून तपकिरी, काडीसारखी मुळी; मोडली की आत हळदीसारखी पिवळी आणि चघळली तर साखरेला लाजवणारी गोड. त्यांनी मुळ्या खणून आणल्या, सावलीत वाळवल्या, ठेचून उकळल्या. आठवड्याभरात लेकीचा घसा मोकळा झाला. स्थानकावर प्रवासी पुन्हा शिव्या देऊ लागले, म्हणजे सगळं ठीक झालं.

प्रकरण इथेच थांबायला हवं होतं. पण गुण आलेला माणूस एकवेळ औषध सोडतो, गुण देणारा सोडत नाही. काढा चालूच राहिला. मध्यंतरी लेक थकल्यासारखी दिसू लागली. ज्येष्ठमध बळ देतो, हे काकांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मुळ्या वाढवल्या. तिची पावलं सुजली, जिना चढताना पाय भरून यायला लागले, तेव्हा त्यांनी काढा आणखी दाट केला. जावई एकदा म्हणाला की जरा दमाने घ्या, तर काकांनी त्याला वायरी जोडायच्या कामातलं तेवढं बघायला सांगितलं.

आज गाडी पुकारता पुकारता तिचा आवाज मध्येच थांबला. काचेतून बघणाऱ्या वाहकाला ती खुर्चीवरून घसरताना दिसली.

रक्तदाब भलताच चढलाय, डॉक्टरीणबाई सांगत होत्या. रक्तातलं पोटॅशियम पार खाली गेलंय, त्यामुळे हृदयाचे ठोके चुकताहेत. सलाइनमधून ते भरून काढता येईल, पण ते कशाने जातंय हे कळलं नाही तर पुन्हा जाईल, आणि असं हृदय कधी दगा देईल याचा नेम नाही.

ठोके दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ मध्येच अडखळायची आणि त्यांचाही श्वास अडखळायचा. उभा जन्म त्यांनी गिऱ्हाइकाला बजावून सांगितलं होतं: ही मुळी थोडी घ्या, थोडे दिवस घ्या, रक्तदाब असेल तर वाटेलाच जाऊ नका, अति तिथे माती. हे सगळं दुकानाच्या फळीपलीकडच्यांसाठी होतं. घरात मात्र दिव्याखाली अंधार. आता बोलावं, तर आपणच आपल्या पोरीला या खाटेवर आणलं हे आपल्याच तोंडाने सांगायचं. न बोलावं, तर डॉक्टर भलतीकडेच शोधत बसणार. त्यांना खोलीतून पळून जावंसं वाटलं. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"मी देतो तिला," ते म्हणाले. "ज्येष्ठमध. रोज, दाट काढा करून, पेला भरून. थंडीपासून."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नाही, लेकीकडे पाहिलं. "पावलं सुजली म्हणून दाखवायला आलात, तेव्हाच मी तुम्हाला हे बंद करायला सांगितलं होतं. आजही विचारलं, तर काहीच घेत नाही म्हणालात. म्हणून मी दुसरं कारण शोधत बसले."

कारण सापडलंय, आता आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं ताळ्यावर येईल, पण ती मुळी पुन्हा घरात नको, असं सांगून बाई परिचारिकेला बोलवायला गेल्या. काका खाटेच्या कडेला टेकले.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग पीत का राहिलीस? मोरीत ओतायचा होतास."

"तुम्ही समोरून हलायचात कुठे, बाबा."

"अगं, मग सांगायचं मला."

लेकीने छताकडे बघत सांगितलं. आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता. "आई गेल्यावर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. ताट पुढ्यात सरकवलं तर जेवायचात, नाहीतर तेही नाही. आम्ही दोघं काय काय करून बसलो. मग माझा घसा बसला, आणि तुम्ही उठलात. सकाळी भांड्यांचा आवाज यायचा, तुमचा खोकला ऐकू यायचा. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचे. तो काढा थांबला असता तर तुम्ही परत भिंतीकडे वळला असतात. मला त्याची भीती वाटायची."

काकांना वाटत होतं, आपणच तिची काळजी करतोय. त्यांनी तिची सुजलेली पावलं पांघरुणावरून दोन्ही हातांत धरली आणि ते रडले. तिने रडू दिलं.

"बाबा," थोड्या वेळाने ती म्हणाली, "उद्या सकाळी उठाल ना?"

"उठेन की," ते म्हणाले. तिला पटावं म्हणून कशासाठी उठणार तेही सांगायला गेले, पण काही सुचेना. लेक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.