चंद्रव्वाचा प्रश्न

शुक्रवार पेठेतल्या शाळेत सिद्धेश्वरी मॅडम कॅल्शियम शिकवत होत्या. फळ्यावर वर्तुळं काढून त्यांनी इलेक्ट्रॉन मांडले: दोन, आठ, आठ, दोन. बाहेरचे दोन देऊन टाकले की कॅल्शियमचा आयन होतो, त्यावर दोन धनप्रभार येतात, असं त्या म्हणाल्या, तशी साक्षी उभी राहिली.

"मॅडम, दिल्यावर कमी व्हायला पाहिजे की. अधिक कसं होतंय?"

मॅडमना हसू आलं. याच शाळेत नववीत असताना त्यांनी शिवानंद सरांना हेच विचारलं होतं. सरांनी तेव्हा वर्गातल्या रत्नदीपला दप्तरातले दोन पेरू घेऊन पुढं बोलावलं.

"हा कॅल्शियम. पेरू म्हणजे इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण. दे एकेक या दोघींना."

दोघी म्हणजे सिद्धेश्वरी आणि तिच्या बाकावरची चंद्रव्वा. त्या क्लोरीन झाल्या. रत्नदीपनं पडल्या चेहऱ्यानं पेरू दिले.

"आत प्रोटॉन वीसच, बाहेर इलेक्ट्रॉन राहिले अठरा. ऋण गेलं म्हणून धन वरचढ झालं. या दोघींकडं ऋण वाढलं. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, आता हे तिघं चिकटूनच राहणार. कॅल्शियम क्लोराईड!"

वर्ग हसत होता आणि चंद्रव्वा तिथंच पेरू खात होती. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, ती सासरी मैंदर्गीला गेली. पुढं गाठ पडलीच नाही.

साक्षीला समजावून झालं, पण मॅडमच्या मनातून चंद्रव्वा जाईना. संध्याकाळी त्यांनी रत्नदीपला फोन लावला. तो पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होता, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम किती हे बघण्यात त्याचा जन्म गेला होता.

"मैंदर्गीच्या बाजारात किराणा दुकान हाय की तिचं," तो म्हणाला. "नमुने आणायला गेलो तवा दिसली होती. रविवारी जाऊ."

चंद्रव्वानं दोघांना लगेच ओळखलं. "बर्री, बर्री, या या," म्हणत तिनं पोत्यावरची धूळ झटकून त्यांना बसवलं, नवऱ्याला चहा सांगायला धाडलं. पेरूची गोष्ट निघाली. तिघंही खूप हसले. मग चंद्रव्वा सिद्धेश्वरीकडं वळली.

"सर आमच्या घरी आले होते, ठाऊक हाय तुला? पोरीला दहावी तरी करू द्या म्हणून आप्पाला लई सांगितलं. आप्पा न्हाय म्हणाले."

सिद्धेश्वरीला हे माहीत नव्हतं. चंद्रव्वानं पुढं विचारलं, "त्या दिवशी एक विचारायचं राहिलं. दोन्ही पेरू एकट्यानंच घेणारं कुणी असतंय का?"

"असतंय. ऑक्सिजन. त्याला दोन लागतात."

"मग त्यो आणि कॅल्शियम मिळून काय होतंय?"

"कळीचा चुना. त्यात पाणी घातलं की पानाला लावायचा चुना."

चंद्रव्वा दुकानातल्या चुन्याच्या डब्याकडं बघत राहिली. "रोज विकते की मी हे," ती हळूच म्हणाली.

"दहावीला बाहेरून बसता येतं," सिद्धेश्वरी म्हणाली. "बसतेस?"

"या वयात?"

"मी येईन दर रविवारी."

चंद्रव्वानं चहा घेऊन आलेल्या नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "बस की. दुकान मी बघतो."

सिद्धेश्वरी खरोखर जात राहिली. गिऱ्हाईक नसलं की दोघी पोत्यांवर बसून धडा घ्यायच्या. सिद्धेश्वरीला घरी परतताना नववीतली शाळा सुटल्यासारखं वाटायचं. मार्चमध्ये चंद्रव्वा नातीच्या वयाच्या पोरींमध्ये बसून पेपर देऊन आली. विज्ञानात ती चांगली पास झाली. गणित मात्र राहिलं.

निकाल कळला तेव्हा सिद्धेश्वरीलाच जास्त वाईट वाटलं. चंद्रव्वा फोनवर म्हणाली, "राहू दे की गं. गणित परत देते. तेवढेच अजून थोडे रविवार तू येशील."