देणाऱ्याचा घोट

सुरीच्या पाठीनं ती साल खरवडत होती आणि दर चार-पाच हातांनंतर दाराकडे बघत होती. फळीवर पडत होती ती तापावर देतात त्या कडू झाडाची साल. खरी मुळी वरच्या फडताळात, बरणीत, झाकण लावून होती तशीच होती. रंग दोन्हींचा सारखाच उतरतो, गढूळ तांबूस. तिनं काल दोनदा उकळून बघितलं होतं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, मोठ्या हॉस्पिटलात एका अख्ख्या वॉर्डाची हेडनर्स, आणि बापाच्या स्वयंपाकघरात चोरी करत होती. चोरी तरी कसली, तर न पिण्याची.

बाहेर बाप खोकला.

“झालं का गं? का अजून झाड उगवायचंय?”

“होतंय, बाबा. उकळी तर येऊ द्या.”

बाप पन्नास वर्षं ही मुळी देत आला होता. ज्यांच्या दुखण्याला नाव नसतं अशी माणसं वैद्याचं दार शोधत येत. मूल गेलेली आई, ज्याच्या गाडीखाली कुणी आलं असा ड्रायव्हर, झोप उडालेले, बोलायचे थांबलेले. सकाळी उपाशीपोटी पेला द्यायचा आणि दुपारपर्यंत शेजारी बसून राहायचं. मुळी चढली की माणूस रडे, बोले, आत अडकलेलं बाहेर टाकी. उतरली की त्यातलं काही आठवत नसे, नुसतं हलकं वाटे. सगळ्यांनाच वाटे असंही नाही, काही जण शिव्या घालत गेले. नियम तीनच होते. देणाऱ्यानं पहिला घोट आपण घ्यायचा. ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही, खुद्द बोलणाऱ्यालाही नाही. आणि घरच्यानं घरच्याला पेला द्यायचा नाही.

हा तिसरा नियम तिनं सहा वर्षांपूर्वी मोडला. आई गेल्यावर बाप महिनाभर झोपला नव्हता. दुसरा देणारा दोन दिवसांच्या वाटेवर. तिला लहानपणापासून बघून बघून सगळं येत होतं, आणि माया आंधळी असते. तिनं उकळलं, घाईत स्वतः घोट न घेताच दिलं, शेजारी बसली आणि ऐकू नये ते ऐकलं. “तीन दिवस,” बाप म्हणत होता, “तीन दिवस तिच्या पोटात दुखत होतं नि मी काढे पाजत होतो. मोठा वैद्य मी!” तोवर तिला एवढंच ठाऊक होतं की आई एकाएकी गेली. दुपारी बाप ताजातवाना उठला, त्यानं जेवायला मागितलं, आणि तिला त्याला वाढावं लागलं.

पुढचं वर्षभर तिनं या घराचं तोंड पाहिलं नाही. वॉर्डात पोटदुखीचा पेशंट आला की तिच्या डोक्यात तिडीक जाई. मग राग निवला, कसा ते तिलाही कळलं नाही, आणि म्हाताऱ्याची कीव तेवढी उरली. त्याला तरी कुठे सुख होतं? आता त्याच्या छातीचे एक्स-रे तिनं स्वतः उजेडासमोर धरून पाहिले होते. महिना, फार तर दोन. त्याआधी ‘मला ठाऊक आहे, माझ्या मनात काही नाही’ एवढं त्याला सांगायचं होतं, पण नियम आडवा येत होता. प्यायलेल्या माणसाला मात्र नियम नसतो, तो काहीही बोलू शकतो. म्हणून तिनं दोन दिवस घोशा लावला होता की झोप येत नाही, मला पेला द्या. खरी मुळी चढली तर तोंडातून काय जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून ही साल.

“घरच्यानं घरच्याला नाही,” बाप म्हणाला होता.

“मी नव्हता दिला तुम्हाला?”

यावर तो “बरं” म्हणाला.

मागच्या खोलीत तिनं सतरंजी घातली, पाण्याचा तांब्या ठेवला. बापाचे हात कापत होते, म्हणून पेलाही तिनंच त्याच्या तळव्यांत दिला. त्यानं पहिला घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. ती श्वास रोखून बघत होती. पण गोळ्यांनी त्याच्या तोंडाची चव केव्हाच गेली होती. मीठ कळत नाही, साखर कळत नाही म्हणून तो रोज कुरकुर करी. त्याच भरवशावर तिनं हा डाव मांडला होता.

“घे,” तो म्हणाला. “मी आहे.”

ती प्यायली, आडवी झाली, डोळे मिटले. पाऊण तास जाऊ दिला. मग मान इकडेतिकडे केली, थोडी कण्हली. उभा जन्म पेशंटांचं कण्हणं ऐकलेलं, ते सोंग वठवायला अवघड नव्हतं. रडू मात्र सोंगाचं निघालं नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “आईचे ते तीन दिवस मला ठाऊक आहेत. मी रागावले होते. आता नाही. तुम्ही काय मुद्दाम केलंत? काढून टाका मनातून.”

ती दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. मग डोळे चोळत उठल्यासारखं केलं.

“उतरली?” बापानं विचारलं.

“हो. हलकं वाटतंय.”

“काय बोललीस, आठवतंय?”

“नाही.”

“खोटारडी.” तो हसला, खोकला, पुन्हा हसला. “अगं, चव गेली, जीभ नाही गेली. मुळीनं जीभ बधिर होते. माझी झाली नाही.”

तिचे कान तापले. “मग दिलात कशाला?”

“म्हटलं, पोरगी एवढा खटाटोप करतेय, ऐकू तरी. आणि तू प्यायली नाहीस म्हणजे नियमही नाही. मला बोलता येतं.”

तिनं त्याला पाणी दिलं. त्यानं ते सावकाश संपवलं.

“तुला अर्धंच ठाऊक आहे,” तो म्हणाला. “तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, लेकीला बोलवा. सकाळी म्हणाली, दुपारी म्हणाली. तू आली असतीस तर तिला उचलून हॉस्पिटलात नेलं असतंस, आणि लोक म्हणाले असते, वैद्याचं औषध त्याच्या बायकोलाच लागू पडत नाही. म्हणून म्हटलं, उद्या बोलावतो. मुद्दाम नाही म्हणालीस ना? हे मुद्दाम होतं.”

त्या तिसऱ्या दिवशी तिला वॉर्डातून सुटी होती. घरी बसून तिनं पडदे धुतले होते.

“मघाचं परत घे हवं तर,” तो म्हणाला. “पण काय ते सांग.”

एक शब्द पुरला असता. तो तिला सापडेना. पेल्याच्या तळाशी गाळ बसला होता, तो ती बोटानं पुसत राहिली.

“आज नको, बाबा,” ती म्हणाली. “उद्या बोलू.”

तोंडातून गेल्यावर तिला तो ‘उद्या’ ऐकू आला. बापानं मान हलवली.

“चालेल,” तो म्हणाला, आणि त्यानं उशी मागितली.