किडकं वांगं वर

घरात एखाद्याला छंद असला की बाकीच्यांनी कपाळाला हात लावायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आदिलाबादकडे जैनथजवळच्या एका गावात नागोरावांच्या घरीही तेच चाले. नागोराव सायकली दुरुस्त करत आणि उरलेल्या वेळात जुनी नाणी जमवत. गावाला त्यांची गंमत वाटे. "नागोराव, आमचा घासलेला चाराना घेता का?" असं येताजाता कुणीही विचारी. नागोराव हसून पंक्चरच्या टबात ट्यूब बुडवत, पण मनातून खट्टू होत.

त्यांना मान देणारी जागा एकच होती. चंद्रपूरहून 'नाणेमित्र' नावाचं चार पानी पत्रक निघायचं. ब्याण्णव सालची गोष्ट ही. सायक्लोस्टाईल केलेलं ते पत्रक वाचता वाचता बोटं काळी व्हायची. कुणाकडे काय विकायला आहे, कुणाला काय हवं आहे, ते त्यात छापलेलं असे. वस्तू पाहिलेली नाही, माणूस पाहिलेला नाही, आणि तरी लिहिलेल्या दोन ओळींवर भरवसा ठेवून लोक मनीऑर्डर करत. माल हातात आला की घेणारा संपादकांना एका शब्दात कळवी : 'चोख' किंवा 'कच्चा'. ज्याला दहा 'चोख' मिळत, त्याचं नाव शेवटच्या पानावर चौकटीत छापलं जाई. चौकटीवर लिहिलेलं असे, 'विश्वासाचे सभासद'.

नागोरावांचे नऊ झाले होते!

दहाव्यासाठी त्यांनी ठेवणीतला माल काढला. निजामाच्या काळातला चांदीचा हाली रुपया, चारमिनार छापाचा. जाहिरातीत त्यांनी लिहिलं, "कधीही न घासलेला, मूळ मळासकट." तुम्हाआम्हाला हे वाचून हसू येईल, पण नाणी जमवणाऱ्यांचं शास्त्र निराळं असतं. चांदीवर वर्षानुवर्षं साचलेला काळपट थर हीच त्यांच्या लेखी नाण्याच्या वयाची साक्ष. तो खरवडला की नाण्याची अर्धी किंमत गेली. मुधोळच्या चंपतराव गुरुजींनी पहिलं पत्र टाकलं, मनीऑर्डरही पाठवली. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, या वर्तुळात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

दिवाळी तोंडावर होती. सण झाला की टपाल करू, म्हणून नागोरावांनी रुपया कागदात बांधून कपाटात ठेवला आणि घरात कुणालाही काही सांगितलं नाही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्यांच्या बायकोला, रेणुकाबाईंना, ती पुडी सापडली. आत चांदीचा रुपया, आणि काय ते त्याचं रूप! रेणुकाबाईंनी चिंच भिजवली, राख घेतली, आणि असा काही घासला की चारमिनारचे चारही मिनार लखलखायला लागले.

नागोरावांनी तो पाटावर पाहिला आणि झडप घालून उचलला.

"हे काय केलं तू!"

"लक्ष्मीपुढं काळा रुपया ठेवू काय?" रेणुकाबाई गोंधळून म्हणाल्या. "काऊन? बिघडलं का काही?"

"बिघडलं? मातेरं झालं! तो मळच तर इकला व्हता म्या!"

मळ विकला जातो, हे रेणुकाबाईंना पहिल्यांदाच कळत होतं. त्यांचा चेहरा पडला. "मले आधी सांगतलं असतं तं हात नसता लावला," एवढंच त्या म्हणाल्या. आणि खरं होतं ते.

आता सरळ मार्ग काय होता? गुरुजींना एक पोस्टकार्ड : रुपया घासला गेला, पैसे परत करतो. पंधरा पैशांचं काम! पण दहावं 'चोख' हातातोंडाशी आलं होतं. नागोरावांनी करडीच्या तेलाचा दिवा लावला, त्यावर बशी धरली, काजळी जमवली, तेलात कालवून रुपयावर चोळली आणि मऊ फडक्याने हलके हलके पुसली. खाचांत काळं, उंचवट्यावर करडं. तीन दुपारी ते दुकान अर्धं बंद करून हेच करत बसले होते.

"काय करून राह्यले तुमी?" रेणुकाबाईंनी एकदा दारातून विचारलं.

"काही नाई. व्हता तसा करून राह्यलो."

रुपया रजिस्टर टपालाने मुधोळला गेला. गुरुजींनी 'चोख' कळवलं आणि पुढच्या पत्रकात चौकटीत नाव आलं! नागोरावांनी ते पान पुठ्ठ्यावर चिकटवून दुकानात खिळ्याला टांगलं. ज्यांना घासलेल्या चारान्याची थट्टा सुचत होती, ते आता चौकट वाचून मान हलवायला लागले. पण गंमत अशी की पुठ्ठ्याकडे पाहायचं नागोरावच टाळत.

डिसेंबरात गुरुजींचं पत्र आलं.

"प्रिय नागोराव, तुमच्या रुपयाने मला वेड लावलं आहे. असा नितळ, एकसारखा मळ मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. येत्या रविवारी चंद्रपूरला आपल्या मंडळींचा मेळावा आहे. त्यात मी 'अस्सल मळ कसा ओळखावा' यावर बोलणार आहे आणि तुमचा रुपया सर्वांना दाखवणार आहे. तुम्ही अवश्य यावं."

मेळाव्यात चाळीस जाणकार जमणार. एकाने जरी अंगठा घासला तरी काजळी बोटाला लागणार. आणि तोंडावर कोण पडणार? नागोराव तर पडतीलच. पण ज्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षं नाव कमावलं, तो भरसभेत काजळीला अस्सल मळ म्हणणार! आपल्या शब्दावर भरवसा ठेवला एवढाच त्याचा गुन्हा.

दुपारी ते घरी आले तर ओसरीवर रेणुकाबाई उद्याच्या आठवडी बाजारासाठी वांग्याची टोपली भरत होत्या. मळ्यातली वांगी त्या स्वतः विकत. चांगली, जांभळी, टचटचीत वांगी त्यांनी खाली भरली आणि किडीचं भोक पडलेली पाचसहा अगदी वर मांडली. वीस वर्षं नागोराव हे पाहत आले होते, पण आज त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"अवं, किडके खाली टाक ना! दुनिया खाली टाकते. गिऱ्हाईक टोपलीत पाह्यते अन् पुढं जाते."

"जाते ना," रेणुकाबाई शांतपणे म्हणाल्या. "पन जे थांबते ते पुन्हा टोपली चाळत नाई. त्याले मालूम हाय, रेणुकाबाईचं वाईट जे हाय ते वरच हाय, खाली सारं चांगलं."

"नुकसान होत असंल."

"पहिले झालं. आता बाया मलेच हुडकत येतात." हातातलं वांगं त्यांनी टोपलीत ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "आवो, समोरचा मानूस घरी जाऊन वांगं कापते. तवा आपन तिथं नसतो. तवा त्याच्या तोंडून आपल्याबद्दल काय निघते, त्याले नाव म्हंतेत. पुठ्ठ्यावर चिपकवलं त्याले नाई."

नागोरावांचा हात खिशातल्या पत्राकडे गेला.

"त्या रुपयाचं किडकं कुठं ठेवलं तुमी?"

बस्स! एवढाच प्रश्न. नागोरावांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातलं गुरुजींचं पत्र काढलं आणि सगळं सांगून टाकलं : काजळी, दिवा, तीन दुपारी, आणि रविवारचं भाषण.

"गुरुजीच्या टोपलीत किडकं टाकलं तुमी," रेणुकाबाई म्हणाल्या, "आन् तो बिचारा ते डोक्यावर घेऊन बाजारात चालला. उठा. रविवारच्या आत जाऊन सांगा. चूक माझ्या हातानं झाली, तेबी सांगा."

"तुही चूक नाई व ती," नागोराव म्हणाले. "तू तं लपवलं नाई."

शुक्रवारी पहाटेच्या बसने ते निघाले. आदिलाबाद, निर्मळ, भैंसा असं करत मुधोळला पोचायला दुपार झाली. मांडीवर रेणुकाबाईंनी दिलेली वांग्याची पिशवी होती, खिशात गुरुजींचे पैसे होते, आणि वाटभर मनात दहा वेळा वाक्यं जुळवून दहा वेळा मोडली होती.

गुरुजींनी त्यांना मिठीच मारली. "अहो, तुम्ही इतक्या लांब! या, बसा. आपला रुपया दाखवतो." त्यांनी पेटीतून रुपया काढला तो कडेला चिमटीत धरून. नाण्याच्या अंगाला बोट लावायचं नाही, हा या लोकांचा शिष्टाचार. तो कसोशीने पाळला म्हणूनच गुरुजी फसले होते!

"गुरुजी, त्याले ओल्या फडक्यानं पुसा," नागोराव म्हणाले.

"म्हणजे?"

"पुसा तुमी. मंग मी बोलतो."

गुरुजींनी धोतराचा कोपरा ओला करून रुपयावर फिरवला. पांढरं धोतर काळं झालं. त्यांनी पुन्हा फिरवला. काळ्याखालून चिंचेने घासलेली चांदी चकाकू लागली. मग त्यांनी नागोरावांचं सगळं ऐकून घेतलं.

"परवा चाळीस लोकांसमोर मी हे उंच धरणार होतो," गुरुजी म्हणाले. "नागोराव, रुपयाचं मला काही नाही हो. पण तुमची ती ओळ वाचून मी बाकी कुणाची जाहिरात वाचलीसुद्धा नाही. इतका भरवसा टाकला मी."

"म्हनूनच आलो, गुरुजी. पैसे आनले तुमचे. रागवा, मारा, पन त्या भाषणात रुपया नका दाखवू."

गुरुजी रागावले होते, आणि का रागावू नये? पाणी विचारायचंही ते विसरले. अंगणात दोन फेऱ्या मारून आल्यावर त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं. "हे काय?"

"वांगे हाय. मंडळीनं देल्ले. किडके वर हायेत." आणि मग वांग्याचीही गोष्ट सांगावी लागली.

गुरुजी ऐकता ऐकता खाटेवर बसले. "तुमच्या मंडळींना नमस्कार सांगा," ते सावकाश म्हणाले. "चाळीस वर्षं नाणी चाळली मी, पण एवढी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पैसे मी परत घेतो, मेळावा झाला की रुपया तुमचा. पण रविवारी तो मी दाखवणारच. बोलायचं मात्र तुम्ही."

रविवारी चंद्रपूरच्या त्या शाळेच्या खोलीत नागोराव उभे राहिले. "रुपया घासला गेला माझ्या घरी," ते म्हणाले, "पन काळा केला म्या. मले दहावं 'चोख' पाह्यजे व्हतं. चौकटीतलं माझं नाव काढून टाका."

खोलीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, शोभतं का हे? कुणी म्हणालं, नाव काढाच! पत्रकाचे संपादक यशवंतराव यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि समोरच्या अंकातल्या चौकटीत नागोरावांच्या नावावर रेघ मारली; जुने दहाही 'चोख' रद्द झाले. नागोरावांनी ती रेघ पाहिली. दुखलं, खोटं कशाला सांगा; पण दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्यांना मान वर करून बसता आलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक पोक्त गृहस्थ उठले. चौकटीत त्यांचंही नाव होतं. "मागच्या साली मी मोहरेचं एक जुनं नाणं विकलं," ते खाली पाहत म्हणाले. "गळ्यातल्या माळेत ओवलेलं होतं. भोक सोनाराकडून बुजवून घेतलं, आणि लिहिलं नाही. माझ्याही नावावर रेघ मारा." मग आणखी एक हात वर झाला. मग आणखी एक! यशवंतरावांनी पेन्सिल खाली ठेवली आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"असं करू," ते म्हणाले. "पुढच्या अंकापासून प्रत्येक जाहिरातीत आधी दोष लिहायचा. गुण नंतर. दोष नसेल तर 'नाही' असं लिहून खाली सही करायची. ज्याला हे जमत नसेल त्याची जाहिरात मी छापणार नाही."

गुरुजींनी पहिली टाळी वाजवली.

पुढच्या अंकात नागोरावांची जाहिरात अशी आली : "दोष : चिंचेने घासलेला. नंतर विकणाऱ्याने काजळीने काळा केलेला. आता धुतलेला. वस्तू : चारमिनार हाली रुपया." किंमत अर्धीहून कमी होती. पहिलं पत्र मुधोळहून आलं. "मला द्या," गुरुजींनी लिहिलं होतं. "आता मी काय घेतो आहे ते मला पक्कं ठाऊक आहे." आणि महिन्याने पत्रकात एक बारीकशी ओळ छापून आली : नागोराव, चोख, एक.

दहाचा एक झाला! पण वाचकहो, पहिल्या दहांपेक्षा हा एक त्यांना जड वाटला. दुकानातला पुठ्ठा त्यांनी आधीच उतरवला होता. नवा काही टांगला नाही.

आपण सगळेच कधी ना कधी विकणारे असतो. कुणी म्हैस विकतो, कुणी जुनी सायकल, कुणी पत्रातून एखादं नाणं. घेणारा समोर नसतो, वस्तू त्याने पाहिलेली नसते, त्याच्या हातात असतो तो फक्त आपला शब्द. अशा वेळी जे लपवता येतं तेच आधी सांगावं. त्याने सौदा कदाचित मोडेल, पण माणूस फसणार नाही. आणि घेणाऱ्यांनीही खरं सांगणाऱ्याला पाठ दाखवू नये. नाहीतर पुढच्या वेळी तो दिवा लावून बशी धरून बसेल, आणि त्यात थोडा दोष आपलाही असेल.

अंक वाचून नागोराव घरी आले तेव्हा रेणुकाबाई बाजाराची टोपली भरत होत्या. नागोराव शेजारी बसले, ढिगातून किडकी वांगी निवडली आणि एकेक करून वर मांडू लागले.