भिंतीतले वीस व्होल्ट

कलकत्त्यात भिंत वाळत नाही. गंगेची ओल बागबाजारच्या आमच्या गल्लीत विटाविटांत मुरलेली. मीठ ओलं, गादी ओली, काड्यापेटीसुद्धा ओली. म्हणून त्या दिवशी मेन स्विचपासून माळ्यापर्यंत भिंतीचा वीतभर पट्टा खडखडीत वाळलेला दिसला, तेव्हा मला ते लक्षण बरं वाटलं नाही.

आम्ही गलाईवाले. सांगलीकडच्या माळावरून उठून इथं आलो, सराफांचं मोडीतलं सोनं वितळवून शुद्ध करून देतो. खाली विजेची भट्टी, वर लाकडी माळा, तिथंच संसार. माळ्यावर देवयानी तापानं निजली होती. माझी सहा वर्षांची पोर.

"अवं, ही भिंत कशापायी वाळली?" मी मालकांना, म्हणजे देवयानीच्या वडलांना, विचारलं.

"वाळली तर बरंच की. कापडं टाक तितं."

भट्टीपुढं बसलेले थोरले भावजी गालात हसले. ते खुशीत होते, कारण भट्टी कधी नव्हे इतकी तापत होती. तापणारच. भट्टीतली कॉईल तुटली की जळका तुकडा कापायचा आणि उरलेलं ताणून जोडायचं, ही आमच्या लोकांची अक्कल. दोनदा कापून आखूड झालेली, आणि आखूड कॉईल वीज जास्त ओढते. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार पिळलेली. नव्या कॉईलला अँपिअरचा काटा विसावर असायचा, आता तिसावर. भावजींना वाटायचं, काटा चढला म्हणजे बरकत.

मी बारावी सायन्सला असताना माझं लग्न उरकलं. कुणी विचारलं नाही. पण तेवढं गणित डोक्यात राहिलं होतं. भट्टीच्या पेटीवर अँपिअरच्या शेजारी व्होल्टचाही काटा होता. भट्टी थंड असताना तो दोनशे तीसवर असे, आता दोनशे दहावर. दोनशे दहा भागिले तीस, सात. कॉईलचा रोध साडेअकरा ओहम होता, तो सातवर आला. मग मधले वीस व्होल्ट गेले कुठं?

मालक म्हणाले की लाईनच कमजोर आहे. मी दारातून बघितलं. शेजारच्या बंगाली वहिनींच्या, बऊदींच्या, जिन्यातला दिवा लखलखीत होता, आमचा पिवळा पडलेला. लाईन एकच. म्हणजे वीस व्होल्ट आमच्याच घरात कुठंतरी जिरत होते, आणि भट्टीची न् दिव्याची तार मेन स्विचपासून त्याच वाळल्या पट्ट्याच्या आतून माळ्यापर्यंत जाऊन पलीकडं उतरत होती. वीस गुणिले तीस. सहाशे वॅट. इस्त्री तापवून भिंतीत चिणून ठेवावी, तसं.

मी भिंतीला तळवा लावला, तर चटका बसला.

मी भावजींना सारं सांगितलं. रागानं नाही, गयावया करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चिमट्यानं मुशीतलं सोनं हलवलं. अर्धं वितळलं होतं, अर्धं नाही. भरलेली भट्टी मधे विझवायची नाही, हा आमच्यातला रिवाज. मूस तडकते, सोनं विटांत जातं आणि गलाईवाल्याचं नाव बाजारातून जातं.

"वतून हुईस्तोवर खटक्याला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "लोकाचं सोनं हाय."

"वर माझं लेकरू हाय, भावजी."

"मग घिऊन ये खाली. कोण नगं म्हणतंय?"

मी मालकांकडं बघितलं. थोरल्या भावापुढं यांची जीभ आजवर कधी उचलली नव्हती.

मी शिडी चढले. शिडी त्याच भिंतीला टेकलेली. अर्ध्यावर रबर जळल्याचा वास नाकात शिरला आणि माळा तोलणाऱ्या लाकडी कडीपाशी, भिंतीच्या चिरेतून, धुराची एक रेघ निघालेली दिसली. पोरीला उचलायचं तर त्या कडीवरूनच पलीकडं जायचं. पुढं जावं तर उशीर, मागं यावं तर लेकरू वर. खटका जवळ होता. मी उडी टाकली आणि दोन्ही हातांनी मेन स्विच खाली ओढला.

अंधार. भट्टी निवायला लागली आणि आतून तडकल्याचा आवाज आला. मूस गेली.

भावजी ओरडले नाहीत. हळू आवाजात एवढंच म्हणाले की माझ्यामुळं घर बुडालं. मग कंदील लावून, मला खोटं पाडायला छिन्नी घेतली आणि भिंतीचा गिलावा फोडला. आत तारेवर रबर नव्हतंच. तांबं उघडं, आणि त्याला टेकलेली माळ्याची कडी कोळशासारखी काळी, बोटभर आत जळालेली. छिन्नी लागली तशी तिची खपली पडली आणि आत लाल दिसलं.

मालकांनी कळशी ओतली. मी पोरीला खाली आणलं. तिला काहीच कळलं नव्हतं. पाणी मागत होती.

मला वाटलं, आता कळलं असेल. मग भावजींनी भट्टीच्या विटा चाचपल्या. सोनं विटांत उतरलं होतं. ते काढायचं म्हणजे विटा कुटून पुन्हा वितळवायच्या.

"तारंला पट्टी गुंडाळून घिऊ," ते म्हणाले. "एकडाव लावू भट्टी. एकच डाव."

मी मेन स्विचखाली पाट ठेवला आणि पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला पाठ लावून बसले. भिंत अजून गरम होती.

"नवी तार आणा," मी म्हणाले. "मग उठते."

भावजींनी मालकांकडं बघितलं. मालक उठले, पायात चप्पल घातली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "किती जाडीची?"