पाणी चढत होतं

ऑड्री धावत माझ्या चहाच्या दुकानात शिरली तेव्हा तिच्या अंगावर कोट नव्हता, एका पायात बूट नव्हता आणि गुडघ्यांच्या वरपर्यंत करडा चिखल माखला होता. सकाळीच ती नवऱ्याबरोबर माझ्याकडे चहा पिऊन गेली होती, तरी मी तिला चटकन ओळखलं नाही.

"डग्लस रुतलाय," ती म्हणाली. "कड्याखाली. भरती येतेय."

मी तटरक्षकांना फोन लावला. मदतीची तुकडी शेजारच्या गावातून निघणार होती. पण उन्हाळी सुट्टीत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या डॉर्सेटच्या अरुंद रस्त्यांवर गाड्या कशा अडकतात ते मला ठाऊक होतं. दुकान उघडंच टाकलं, दोर घेतला आणि आम्ही दोघी किनाऱ्याने निघालो. ती धापा टाकत बोलत राहिली.

लांबच्या वुल्व्हरहॅम्प्टन शहरातून आले होते दोघं. डग्लस कुलपांच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला. जुना किल्ला बघून झाला, मेंढरांच्या टेकड्या चढून झाल्या. आज त्याला दगड झालेला शंख शोधायचा होता, लहानपणापासूनची हौस. आदल्या दिवशीच्या पावसाने कड्याची माती खाली घसरली होती. त्या मातीत त्याला शंखाचं एक वेटोळं दिसलं. त्याने पाय टाकला, तो घोटा गेला, गुडघा गेला, मांड्या गेल्या. मोबाइलला रेंज नव्हती.

"मी ओढलं त्याला, तर मीच रुतायला लागले. मदत आणते म्हटलं, तर बाही सोडेना. 'जाऊ नकोस, ऑड्री, मला एकट्याला ठेवू नकोस' म्हणत होता. शेवटी मी कोटातूनच बाहेर निसटले."

आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. तो रिकामा कोट त्याने छातीशी धरला होता.

"आलीस होय?" तो म्हणाला. "मला वाटलं, चहा प्यायला बसलीस." आणि त्याने कोट आणखी घट्ट धरला.

मी त्याच्या काखेखालून दोर बांधला. दोघींनी जोर लावला तसा तो किंचाळला, "नका ओढू! पाय तुटतील!"

मग ऑड्री कोट पसरून त्या चिखलावर आडवी झाली आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. पाणी छातीपर्यंत आलं.

"तू जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस," तो म्हणाला.

"पाहिलं असतं तर पाऊल उचललं नसतं रे."

एक लाट त्याच्या तोंडावरून गेली. खोकत खोकत तो म्हणाला, "जा आता. दोघंही गेलो तर बेथला कोण सांगणार?"

बेथ त्यांची मुलगी.

"गप्प बस, मेल्या. तुझं तूच सांग तिला."

मी पाण्यात उभी राहून रिकाम्या किनाऱ्याकडे बघत होते. एकच विचार डोक्यात होता: आणखी थोड्या वेळाने मला या बाईला खेचून न्यावं लागेल, आणि ती येणार नाही. मी मोठ्याने हाका मारल्या. कड्यावरून फक्त समुद्रपक्षी ओरडले.

तटरक्षकांची माणसं आली ती समुद्रातून, बोटीने. रस्ता खरंच अडलेला होता. त्यांनी चिखलावर फळ्या टाकल्या आणि त्याच्या पायांशी एक नळी खुपसून जोराने पाणी सोडलं, म्हणजे चिखल सैल पडावा. एक पाय सुटला. दुसरा सुटेना. आता पाणी ओठांशी होतं. ऑड्रीने दोन्ही तळव्यांनी त्याचं डोकं वर धरलं होतं.

"वर बघ, डग. माझ्याकडे बघ. श्वास घे. आता रोखून धर."

तो पाण्याखाली गेला. वर आला. पुन्हा गेला. ती त्याला धरून राहिली. मग चिखलाने एक घाणेरडा आवाज केला आणि त्या माणसांनी त्याला फळीवर ओढून घेतलं. चेहरा राखेसारखा होता, पण छाती हलत होती.

दोन दिवसांनी ऑड्री दुकानात आली. डग्लस वाचला होता. गुडघा मात्र कायमचा गेला, काठीवाचून चालता येणार नव्हतं. मी तिला खिडकीजवळची, समुद्र दिसणारी चांगली जागा दिली.

"पॉलिन, इथे नको," ती म्हणाली. "समुद्राकडे पाठ करून बसू दे मला."

मी खुर्ची फिरवली. ती बसली, आणि चहाला हात न लावता ढसाढसा रडली.