गोठ्यातली दुरडी

सकाळी मी अंगण झाडत होते, तेवढ्यात शेजारची दगडाबाई रिकामी दुरडी हातात घेऊन भिंतीपाशी येऊन उभी राहिली. आमच्या दोन घरांच्या मधे कमरेएवढी मातीची भिंत आहे. भिंतीपलीकडं तिची चूल आणि चुलीमागं गोठा. तिच्या नवऱ्यानं घरात गॅस घेतला तेव्हापासून ही बाई आपल्यापुरती भाकरी बाहेरच थापते आणि उरलेली फडक्यात बांधून दुरडीत ठेवते.

"चांगुणे, भाकरी काय केलीस?" ती म्हणाली.

"कोणती भाकरी?"

"रातची. फडक्यात बांधून ठिवली होती. फडकं हाय, भाकरी न्हाई. आज पहिला डाव न्हाई, चार-पाच डाव झालंय असं. गाडग्यातलं ताक बी उतरलंय."

"मंग मला काऊन इचारायलीस? कुत्र्यानं नेली असंल."

"कुत्रं फडक्याची घडी घालून ठिवतंय व्हय?"

खरंच, फडक्याची चौकोनी घडी दुरडीच्या तळाशी नीट ठेवलेली होती. पण त्यामुळं मी चोर कशी होते? माझ्या घरात जवारीनं भरलेली कणगी आहे. दोन म्हशी दुभत्या आहेत, ताक मीच गल्लीला वाटते. मी खराटा टाकला आणि तिला सांगितलं की भाकरी चोरून खायची वेळ माझ्यावर आली तर मी विहीर जवळ करीन.

"हात पुरतो ना भिंतीवरून," ती म्हणाली आणि वळून गेली.

दिवसभर माझा जीव जळत होता. गल्लीतल्या बायांनी ऐकलं होतं आणि ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना सांगायला इतर होत्याच.

दगडाबाईचं टाळकं कशानं तापलं होतं ते मला ठाऊक होतं. भांडण भाकरीचं नव्हतंच, नाल्याकडच्या तुकड्याचं होतं. तेवढ्याच रानात ती दरसाल रब्बीची जवारी करायची आणि यंदा तिच्या नवऱ्यानं, वैजीनाथदाजीनं, तिथंही ऊस लावायचं ठरवलं होतं. लावायला उसाचं बेणं सांगून झालं होतं. ऊस एकदा लागला की पहिली लागण आणि तोडल्यावर पुन्हा फुटणारा खोडवा धरून ते रान काही वर्षं मोकळं होत नाही. म्हणजे या घरातून जवारी गेली ती गेलीच. यावरून नवरा-बायकोचं बोलणं बंद पडलं होतं. काही सांगायचं झालं तर दोघं सुनेला सांगत, आणि सून नसली तर म्हशीला.

दाजीचा भाकरीवर राग जुना. ही दोघं ऊसतोडीला जायची, तिकडं बागायती मुलखात. एका साली ज्याच्या फडात कोयता चालला होता त्या मालकाच्या घरी लग्न होतं. मालकानं तोडकऱ्यांनाही जेवायला बोलावलं. पंगतीत सगळ्यांना पुऱ्या वाढल्या, आणि गोठ्यापाशी बसवलेल्या तोडकऱ्यांच्या पुढ्यात कालच्या भाकरी आल्या. दगडाबाईनं गपगुमान खाल्ली, पोटात लेकरू होतं. दाजी पानावरून उठला. पुढं आपल्या रानात विहिरीला पाणी लागलं, कोयता सुटला, आणि घरी आल्यावर त्यानं पहिला हुकूम काढला तो हाच की आता या घरात भाकरी होणार नाही.

"भाकरी जनावराचं खाणं हाय," तो म्हणाला होता, "खायची तर गोठ्यात खा."

माणसाला अपमान झोंबतो हे मला कळतं. पण त्या अपमानाचा सूड त्यानं स्वतःच्या पोटावर उगवला. सकाळी उठला की दोन कप चहा आणि खारी. दुपारी मऊ चपात्या, तेलाचा तवंग आलेला रस्सा. दिवस कलला की राणीसावरगावच्या रस्त्यावर हॉटेलात भजी, पाव, वर पुन्हा चहा. मग रात्री टीव्हीपुढं बसून पुन्हा चपात्या आणि लगेच आडवा. पाणी विचारलं तर म्हणायचा, चहात असतंय की. पालेभाजी दिसली की ताट सरकवायचा.

त्याचा परिणाम सगळ्या गल्लीला ऐकू येत होता. घरात फरशी लावलेला संडास एकच, आणि दाजी सकाळी आत गेला की बाहेर यायचं नाव नाही. आतून कण्हायचा. बाहेर सून पंकजा टमरेल घेऊन ताटकळलेली आणि लेक पप्पू दारावर थापा मारून कंटाळून रानाकडं निघालेला. घरात चूर्णाच्या डब्या आणि गॅसच्या गोळ्या यांचं दुकान मांडता आलं असतं. पोट कायम टम्म आणि तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं. मग तोच राग बायकोवर.

दगडाबाई मात्र सकाळी शिळी भाकरी ताकात कुस्करून खायची, दुपारी अंबाडीची भाजी कण्या घालून, नाहीतर शेपू, कांदा, ठेचा. दिवस बुडायच्या आत तिचं जेवण झालेलं असायचं. ती काही शहाणी म्हणून असं खात नव्हती. तिला तेच गोड लागायचं, आणि नवऱ्याला त्याचा राग यायचा म्हणून जरा जास्तच गोड लागायचं.

संध्याकाळी नळावर मी पंकजाला गाठलं.

"तुजी सासू मला भाकरीचोर म्हणायली. तुला काय ठाव असंल तर आत्ताच सांग."

पोरीनं इकडंतिकडं पाहिलं. "मावशी, माझं नाव घिऊ नका. मामांना म्या अन् ह्यांनी गंगाखेडला दवाखान्यात नेलं होतं. रगात पडायलं होतं त्यांना."

"मंग?"

"डॉक्टरनं सगळं तपासलं. म्हणाले, आतड्याला काय रोग न्हाई, तुमच्या खाण्याला हाय. मैदा बंद करा, हॉटेल बंद करा. जवारीची भाकरी खा, पालेभाजी खा, ताक प्या, पाणी प्या. चावून खा अन् येळेवर खा. न्हाईतर मुळव्याधीचं आपरेशन करावं लागंल."

"दाजी काय म्हणाले?"

"डॉक्टरला म्हणाले, आमच्यात भाकरी खायची वेळ आता ऱ्हायली न्हाई. गाडीत बसल्यावर आमाला दम भरला. घरात सांगायचं न्हाई म्हणाले. आत्याबाईला इतकंच सांगितलं, डॉक्टरनं लय भारी औषध दिलंय."

ते भारी औषध कोणत्या दुरडीतून निघत होतं ते माझ्या ध्यानात आलं. तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलायचं नाही असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी उठले आणि आमच्या म्हशीला वैरण टाकायच्या निमित्तानं भिंतीआड उभी राहिले.

दाजी आला. चुलीपाशी वाकला, गाडग्यातलं ताक तांब्यात ओतलं आणि दुरडी उचलून गोठ्यात शिरला. म्हशीकडं तोंड करून उभ्याउभ्या खायला लागला. तळहातावर भाकरी, भाकरीवर ठेचा, दुसऱ्या हातात ताकाचा तांब्या. फडावर गाडी भरायच्या घाईत तोडकरी खातात तसंच. खाऊन झाल्यावर त्यानं फडक्यावरचे कण म्हशीपुढं झटकले, चौकोनी घडी घातली आणि दुरडी जागेवर नेऊन ठेवली.

मी ओरडणारच होते. पण दगडाबाईचं तोंड कसं होतंय ते पाहायचं सुख मला उजेडात हवं होतं.

तांबडं फुटल्यावर मी तिला भिंतीपाशी बोलावलं. "चोर घावला. तुजाच कुंकवाचा धनी हाय," म्हणाले आणि डॉक्टरपासून घडीपर्यंत सगळं सांगितलं. पंकजाचं नाव तेवढं घेतलं नाही.

ती दचकली नाही. चुलीतली राख ओढत राहिली.

"मागितली असती तर दिली नसती का म्या?" ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "न्हाई. दिली नसती. भाकरी पायजे अन् जवारीचं रान नगं?"

"मला चोर म्हणालीस त्याचं काय?"

"तू बी कधी खाल्ली असशीलच," ती म्हणाली.

अशी ही बाई. तिच्या आईबापानं नाव काही उगाच ठेवलेलं नाही.

त्या संध्याकाळपासून तिनं दुरडी चुलीपाशी ठेवायचं सोडलं आणि गोठ्यात नेऊन गव्हाणीवर ठेवायला लागली. म्हशीच्या तोंडासमोर, पण दाव्याच्या टप्प्याबाहेर. नवऱ्यानंच सांगितलेली जागा होती ती. सकाळी दाजी चुलीपाशी चाचपडला, मग गोठ्यात गेला. दुरडी पाहून जागच्या जागी थांबला. बायकोला कळलंय हे त्याला कळलं. मला वाटलं, लाथ मारील. पण पोटाची गरज मोठी होती. त्यानं फडकं सोडलं आणि म्हशीकडं पाठ करून खाल्लं.

मग हे रोजचंच झालं. ती संध्याकाळी भाकरी ठेवी, सोबत कधी अंबाडी, कधी मेथी. तो सकाळी खाई. दोघांत शब्द नव्हता. दाजीचं हॉटेलात जाणं सुटलं, दिवस बुडताना जेवण व्हायला लागलं. संडासाचं दार लवकर उघडायला लागलं आणि पंकजा नळावर हसताना दिसायला लागली. इतकं होऊनही हा गडी पारावर बसून सांगत होता की नाल्याकडं ऊस लागणार म्हणजे लागणार, बाईमाणसाच्या हट्टापायी रान नासवायचं का. ते ऐकून माझाच हात शिवशिवायचा.

बेणं येणार त्या दिवशी सकाळी त्यानं दुरडी उघडली तर आत भाकरी नव्हती. ओंजळभर कच्ची जवारी होती. मी भिंतीआडूनच पाहत होते. लाज काय धरायची, चोर तर मी आधीच ठरले होते.

"पंकजा," दगडाबाई चुलीपासून मोठ्यानं बोलली. पंकजा तिथं नव्हती. "तुज्या सासऱ्याला सांग, कणगीच्या तळाला जवारी ऱ्हायली ती बियापुरती. ती रानात पडंल, न्हाईतर कोंबड्याला. चुलीवर पडणार न्हाई."

जवारी दाजीनं सदऱ्याच्या खिशात टाकली आणि रानाकडं चालायला लागला. मी गल्लीतल्या बायांबरोबर रोजानं बेणं टाकायला जाणारच होते, मागोमाग गेले. दगडाबाई आमच्या आधी पोचून नाल्याच्या काठाला धडीवर बसली होती. हस्ताचा पाऊस होऊन गेलेला, काळ्या रानाला चांगला वाफसा आलेला. पाऊल टाकलं की माती मऊ लागत होती. जवारीसाठी याहून चांगली ओल मिळत नाही, आणि ही गोष्ट त्या दोघांनाही माहीत होती.

ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं विचारलं, "काका, बेणं कुठं उतरवू?"

दाजी खिशात हात घालून उभा. आम्ही बाया पदर खोचून तयार.

"शिवकांत आप्पाच्या रानात न्ये," तो म्हणाला. "त्येंला कमी पडायलंय."

"अन् हितं?"

"हितं जवारी करायची. कडब्यासाठी. म्हशीला वैरण लागती."

ड्रायव्हरनं मान डोलावली. इतक्यावर भागलं असतं. पण दगडाबाई उठली, लुगड्याची माती झटकली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती सरळ त्याच्याशी बोलली.

"म्हशीला मका हाय. कडब्यासाठी म्या बियाणं देणार न्हाई. जवारी कोण खायलंय ते सांगा, मंग पेरू."

सगळ्या बाया पाहत होत्या. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर बंद केला. दाजीच्या मानेच्या शिरा टरारल्या. मला खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याची दया आली. त्या पंगतीतून उठलेला माणूस इतकी वर्षं ताठ चालत आला होता, आणि आता त्याच्याच रानात त्याची बायको त्याला त्या पानावर परत बसवत होती.

"मी खायलोय," तो म्हणाला.

"आयकू आलं न्हाई बायांना."

"मी खायलोय. गोठ्यात खायलोय. आता गावात दवंडी दे."

दवंडीची गरज नव्हती. आम्ही इतक्या जणी होतो.

दुसऱ्या दिवशी तुकड्यात जवारी पडली. दगडाबाईनं कणगी उपडी करून शेवटचा दाणा रानात नेला. जिंकली खरी, पण जिंकायच्या नादात पुढचा विचार केला नाही. रानातली जवारी खळ्यावर यायला होळी जवळ करणार, आणि तोवर घरात मूठभर पीठ नव्हतं. तिलाही भाकरी नाही आणि त्यालाही नाही. दुकानातली जवारी आणली तर ती जुनाट निघाली, भाकरी थापताना चिरायला लागली.

तेव्हा ती भिंतीपाशी आली. हातात तीच दुरडी.

"चांगुणे, तुज्या कणगीत हाय ना?"

"हाय की. पण तू मागायची न्हाई. तू मला चोर म्हणालीस. ज्यानं खाल्ली त्येला धाड, दिवसाढवळ्या."

मला वाटलं, दुरडी डोक्यात घालील. ती दात खाऊन आत गेली. घरातून बरीच आदळआपट ऐकू आली. मग दाजी आला. डोक्याला पटका, अंगात धुतलेला सदरा, जसा काही सोयरीक मागायला आला होता. गल्लीत माणसं होती.

"चांगुणाबाई," तो म्हणाला, "भाकरी दे."

मी तव्यावरची गरम भाकरी, वर शेपूची भाजी आणि तांब्याभर ताक भिंतीवर ठेवलं. "कुठं खाता, दाजी? गोठ्यात का?"

तो भिंतीलगतच्या दगडावर, गल्लीकडं तोंड करून बसला आणि खायला लागला. येणारेजाणारे पाहत होते. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही, पण कुणापासून तोंडही फिरवलं नाही.

आतून दगडाबाईचा आवाज आला.

"चांगुणे, त्येंला सांग, घाई करू नगं म्हणावं. चावून खा. आता मागं गाडी भरायची न्हाई."

दाजीचा घास हातात राहिला. मग तो सावकाश चावायला लागला.

जवारी आता पोटरीत आली आहे, कणसं बाहेर पडायची बाकी आहेत. दोघं एकमेकांशी अजून माझ्याच मार्फत बोलतात. मी रोज दोन घरांच्या भाकरी थापते, आणि दगडाबाईनं माझी माफी अजूनही मागितलेली नाही. म्हणून दुरडीत भाकरी ठेवताना मी तिला रोज भिंतीपाशी बोलावते आणि तिच्या देखत एकेक मोजून ठेवते.